कुमारवाचकाची हरकत

बालकुमार साहित्याची समीक्षा हा वाङ्मयव्यवहारातील एक विलक्षण प्रकार आहे. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले जाते तो त्यावर बोलत नाही आणि जो बोलतो त्याच्यासाठी ते लिहिलेले नसते. लेखक प्रौढ, प्रकाशक प्रौढ, पुस्तक विकत घेणारे पालक प्रौढ, पारितोषिक ठरविणारे परीक्षकही प्रौढच. कुमारवाचकाने फक्त वाचावयाचे. त्याचे मत विचारले गेलेच तर ते 'आवडले की नाही' एवढ्यापुरते. पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायात तर 'ही गोष्ट तुम्हाला का आवडली?' असे विचारण्याची रीत आहे. म्हणजे आवडणे हे आधीच ठरलेले असते, मुलाने फक्त कारण पुरवावयाचे. या मताला समीक्षेची प्रतिष्ठा देता येईल काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच गांभीर्याने विचारला जातो. तो विचारणे भाग पडावे असे एक उदाहरण अमेरिकन कुमारसाहित्यात घडलेले आहे.

गॅरी पॉल्सन यांची 'हॅचेट' ही कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्याच वर्षी तिला न्यूबेरी पदकाच्या खालोखालचा मानला जाणारा न्यूबेरी सन्मान मिळाला आणि पुढे अमेरिकन शाळांतून ती सर्रास वाचली जाऊ लागली. ब्रायन रॉब्सन हा तेरा वर्षांचा शहरी मुलगा. त्याच्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील तेलक्षेत्रात काम करणाऱ्या वडिलांकडे तो लहानशा विमानातून निघतो. वाटेत वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि विमान एका सरोवरात कोसळते. मुलगा वाचतो. आईने निघताना दिलेली हातकुऱ्हाड कमरेला आहे, बाकी काही नाही. या अरण्यात त्याने काढलेल्या चोपन्न दिवसांची ही कथा आहे.

कथेची रचना पाहण्यासारखी आहे. ब्रायनला जे मिळते ते चुकून आणि सोसून मिळते. भुकेपोटी तो अनोळखी रानफळे खातो आणि रात्रभर पोटदुखीने तळमळतो. काळोखात आसऱ्याला शिरलेल्या साळिंदराचे काटे त्याच्या पायात घुसतात. त्या भयात त्याने फेकलेली कुऱ्हाड खडकावर आदळते, ठिणग्या उडतात आणि त्या ठिणग्यांवरून दुसऱ्या दिवशी त्याला विस्तवाची वाट सापडते. तीही एकदम नव्हे: गवत पेटत नाही, नोटेचे कपटे पेटत नाहीत, भूर्जाच्या सालीचे केसासारखे बारीक तंतू करून त्यांवर फुंकर घालावी लागते तेव्हा कोठे ज्वाला उठते. पाण्यातील मासा दिसतो तेथे नसतो, हे प्रकाशाच्या वक्रीभवनाचे शाळेत ऐकलेले ज्ञान त्याला अनेक दिवस उपाशी राहिल्यावरच उपयोगी पडते. प्रत्येक मिळकतीची किंमत आधी मोजलेली असते, हा या कादंबरीचा अंतर्गत नियम आहे.

शेवट मात्र या नियमाला सोडून आहे. वावटळीने सरोवराचा तळ ढवळून निघतो, विमानाचे शेपूट पाण्यावर येते आणि ब्रायन त्यातून संकटकाळी वापरावयाच्या साहित्याची पिशवी काढतो. तीत अन्न आहे, बंदूक आहे, काडेपेटीचे काम करणारा लायटर आहे आणि संकटाचा संदेश पाठविणारे एक यंत्रही आहे. त्याचे बटण तो सहज दाबून पाहतो, काहीच घडले नाही असे वाटून ते बाजूला टाकतो आणि रांधावयास बसतो. थोड्याच वेळात फर विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याचे विमान सरोवरावर उतरते. ब्रायनची सुटका होते.

येथेच वाचक मुलांनी हरकत घेतली. त्यांनी लेखकाला पत्रे लिहिली आणि ती थोडीथोडकी नव्हती. त्यांचे म्हणणे असे की, हिवाळा येण्यापूर्वीच ब्रायनला सोडवून लेखकाने गोष्ट अर्धी टाकली. खरे कठीण दिवस तर पुढेच होते. पॉल्सन यांनी १९९६ साली 'ब्रायन्स विंटर' हे पुस्तक लिहिले आणि ते या पत्रलेखकांच्या आग्रहामुळे लिहिले, असे त्याच्या आरंभीच नमूद केले. यंत्राच्या संदेशाने सुटका झालीच नाही, असे गृहीत धरून ते पुस्तक ब्रायनला कॅनडाच्या हिमात ढकलते. मधल्या काळात, १९९१ साली, मूळच्या सुटकेवर आधारलेला 'द रिव्हर' हा उत्तरभागही निघालेला होता. म्हणजे एकाच नायकाची दोन भविष्ये एकाच लेखकाच्या नावावर शेजारी शेजारी उभी राहिली. पाठभेदांची सवय असलेल्या भारतीय अभ्यासकाला यात फारसे आश्चर्य वाटणार नाही. आश्चर्य वाटावयाचे ते एवढेच की, येथे पाठभेद निर्माण करणारे श्रोते शाळकरी होते.

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. मुलांना थरार हवा असतो, आणि 'आणखी सांगा' हे त्यांचे नेहमीचेच मागणे. त्याला साहित्यविचार कसे म्हणावे? आक्षेप वरवर रास्त आहे. पण मुलांनी काय मागितले ते नीट पाहिले तर तो टिकत नाही. त्यांनी आणखी एखादे अस्वल मागितले नाही, खजिना मागितला नाही. त्यांनी हिवाळा मागितला. उत्तरेच्या अरण्यात हिवाळा हीच खरी सत्ता असते. उन्हाळ्यातील सरोवर, मासे, कासवाची अंडी, पाखरे ही तिने दिलेली सवलत होय. अरण्याला प्रतिनायक करणारी कादंबरी त्याचे मुख्य शस्त्र बाहेर निघण्यापूर्वीच संपत असेल, तर झुंज झालीच नाही असे म्हणणे हा रचनेवरचा आक्षेप आहे, अभिरुचीचा हट्ट नव्हे. शिवाय सुटकेची किंमत ब्रायनने मोजलेली नाही. पिशवी त्याने कष्टाने मिळविली हे खरे, पण यंत्र चालू झाले ते नकळत. जी कादंबरी एका ठिणगीसाठी मुलाला पायात काटे सोसावयास लावते, तिने घराची वाट एका बटणावर द्यावी, ही विसंगती मुलांना खुपली. 'फार लवकर' या दोन शब्दांत त्यांनी जे सांगितले ते मांडावयास प्रौढ समीक्षकाला एक परिच्छेद लागतो.

लेखकालाही ती जाणीव होतीच असे दिसते. 'हॅचेट'च्या उपसंहारात ब्रायन हिवाळ्यापर्यंत तेथे राहता तर काय झाले असते, सरोवर कसे गोठले असते, शिकार कशी दुर्मिळ झाली असती, याचे त्रोटक निवेदन आहे. म्हणजे जे प्रसंगांतून यावयास हवे होते ते निवेदनात उरकलेले आहे. मुलांनी बरोबर त्याच जागी बोट ठेवले.

याचा अर्थ कुमारवाचकांचे प्रत्येक मत शिरोधार्य मानावे असा मुळीच नाही. याच कादंबरीविषयी मुले आणखी दोन तक्रारी करतात, आणि त्या दोन्ही तपासून नाकाराव्या लागतात. एक तक्रार पुनरुक्तीची. पॉल्सन तोच शब्द, तेच तुटक वाक्य पुन्हा पुन्हा आणतात, त्याने कंटाळा येतो, असे पुष्कळ मुलांना वाटते. निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष चुकीचा. उपाशी आणि एकटे मन असेच फिरते. ते एका शब्दापाशी येऊन अडते, पुढे सरकते, पुन्हा तेथेच येते. ही लय काढून टाकली तर अरण्यातील युक्त्यांची एक पुस्तिका तेवढी उरेल. दुसरी तक्रार ब्रायनच्या गुपिताविषयी आहे. आईला एका परक्या पुरुषासोबत त्याने पाहिलेले आहे. वडिलांना ते ठाऊक नाही, आणि हे ओझे घेऊनच तो विमानात बसलेला असतो. सुटकेनंतर तो वडिलांना सांगेल अशी मुलांची अपेक्षा असते. तो सांगत नाही. अनेकांना हा धागा लोंबकळत राहिला असे वाटते. वस्तुतः कादंबरीतील सर्वांत प्रौढ जागा हीच आहे. अरण्याने मुलाला विस्तव करावयास शिकविले, मासा मारावयास शिकविले; घरात काय बोलावे हे शिकविले नाही, आणि शिकवू शकतही नव्हते. साहसकथेच्या सवयीमुळे प्रत्येक गाठ सुटलीच पाहिजे असे वाचकाला वाटू लागते, त्या सवयीचा हा पुरावा आहे. पण असा पुरावासुद्धा मुलांचे मत ऐकल्यावरच हाती येतो.

अरण्यात तगून राहण्याच्या कथेने वाचकाला न्यायासनावर बसविण्याची परंपरा तशी जुनी आहे. रूसोने 'एमिल'मध्ये (१७६२) आपल्या कल्पित शिष्याच्या हाती पहिले पुस्तक दिले ते 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९), आणि तेही नुसते रमण्यासाठी नव्हे. नायकाच्या वागणुकीची मुलाने छाननी करावी, त्याने काही विसरले काय, याहून बरे काही करता आले असते काय, हे तपासावे, अशी त्याची योजना होती. 'असे खरोखर होऊ शकते काय?' हा कुमारवाचकाचा लाडका प्रश्न त्याच कुळातला आहे. पॉल्सन यांनी तो टाळला नाही. 'गट्स' (२००१) या आत्मकथनपर पुस्तकात त्यांनी कादंबरीतील प्रसंगांमागील स्वतःचे अनुभव सांगितले. दगडावर कुऱ्हाड घासून विस्तव करून पाहिला, त्याला कित्येक तास लागले. ब्रायनने कच्ची खाल्लेली कासवाची अंडी आपल्या पोटात मात्र टिकली नाहीत, हेही सांगून टाकले.

तथापि सत्यतेची ही कसोटी सर्वत्र सारखी लागू करता येत नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'चाँदेर पाहाड' (१९३७) ही बंगालीतील अतिशय लाडकी कुमारकादंबरी. तिच्यातील शंकर बंगालच्या खेड्यातून आफ्रिकेत जातो, वाट चुकतो, कालाहारीचे वाळवंट एकटा तुडवितो. विभूतिभूषणांनी आफ्रिका पाहिलेली नव्हती; प्रवासवर्णने आणि भूगोलाचे ग्रंथ यांवर त्यांनी ती उभी केली. तिच्यातील बुनिप हा प्राणी तर ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी लोककथांतला. पण बंगाली वाचकाने त्याबद्दल कादंबरीला टाकून दिले नाही, कारण तिने वाचकाशी केलेला करार वेगळा आहे: पॉल्सन म्हणतात 'करून पाहा', विभूतिभूषण म्हणतात 'चल माझ्याबरोबर'. कोणत्या कादंबरीला कोणता प्रश्न विचारावा हे मुलांना कळते की नाही, हा संशोधनाचा विषय होऊ शकतो. पण त्यासाठी प्रथम मुलांचे प्रश्न नोंदलेले हवेत.

भारतीय भाषांच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे. 'हॅचेट'मधील अरण्य निर्मनुष्य आहे. मराठीत त्या कल्पनेला नेमका शब्दही नाही. 'रान' म्हणावे तर 'रानात गेलाय' याचा अर्थ खेड्यात शेतावर गेला असाच होतो; 'अरण्य' म्हणावे तर तेथे आश्रम असतात, वनवासी असतात, निदान वाट दाखविणारा एखादा गुराखी तरी असतोच. विभूतिभूषणांचीच 'आरण्यक' (१९३९) माणसांनी गजबजलेली आहे. मेळघाटातील किंवा गडचिरोलीतील मुलाने ब्रायनची कथा वाचली तर त्याला पहिला प्रश्न बहुधा हिवाळ्याचा पडणार नाही. 'इथली माणसे कुठे गेली?' असाच तो पडावा. हा प्रश्न कादंबरीबाहेरचा नव्हे. कॅनडाची ती भूमी क्री आदी मूळ रहिवाशांची आहे, आणि विशेष म्हणजे 'ब्रायन्स विंटर'मध्ये ब्रायनला अखेर भेटते ते सापळे लावून उपजीविका करणारे एक क्री कुटुंबच. मुलांनी हिवाळा मागितला आणि हिवाळ्याबरोबर त्या अरण्याचे खरे रहिवासीही पुस्तकात आले. ब्रायन ज्या अरण्यात एकटाच झुंजतो असे आधीच्या पुस्तकात वाटते, तेथे दुसरी माणसे चूल पेटवून, मुलेबाळे घेऊन राहत आहेत, हे उत्तर कोणा समीक्षकाने नव्हे, वाचकांच्या एका हट्टाने बाहेर काढले.

आपल्याकडे असे काही घडले नसेल असे नाही. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली सुरू केलेले 'आनंद', उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचे १९१३ पासूनचे 'संदेश', बालभारतीचे १९७१ पासूनचे 'किशोर', अशी मासिके वाचत मुलांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून मुलांनी काही म्हटले नसेल हे संभवत नाही. पण बालसाहित्याचे इतिहास चाळले तर त्यांत लेखक भेटतात, ग्रंथनामे भेटतात, सालवारी भेटते. वाचक भेटत नाही. साहित्य अकादेमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केले ही इष्टच गोष्ट. पण त्या निवडीतही बोलतात ते प्रौढच. मुलांना परीक्षक नेमा असा याचा अर्थ नव्हे. त्याने नवीच विडंबना उद्भवेल. मागणी त्याहून साधी आहे. बालसाहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ग्रंथसूचीबरोबर लेखकांच्या घरी आणि संपादकांच्या कपाटांत पडून असलेली मुलांची पत्रे शोधावीत, त्यांतील शुद्धलेखन न सुधारता ती जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. शाळाशाळांतून आज वाचली जाणारी पुस्तके घेऊन मुलांशी बोलताना 'का आवडले' ऐवजी 'कोठे पटले नाही' असे विचारावे. आणि एखादा अनुवादक उद्या ब्रायनची कथा मराठीत, कोकणीत किंवा गोंडीत आणू लागला, तर त्याने उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे अशी दोन्ही पुस्तके एकाच बांधणीत द्यावीत. मधली सुटका ठेवावी की गाळावी याचा निकाल वाचणारी मुले देतील, आणि तो निकाल लिहून ठेवण्यासाठी शेवटी काही पाने कोरी सोडली तरी चालतील.