गणिताचा प्राध्यापक आणि पंचनामा

सदर : पूनम गेटवरून

सोलापूर जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर कामाच्या दिवशी कोणी ना कोणी बसलेलं असतंच. आशाताई, विडी कामगार, पगार थकलेले शिक्षक. प्रत्येक जण आपल्या मागणीसाठी आलेला असतो आणि त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्या कुणासाठी, त्यातही ज्याच्याबद्दल गावात दोन बरे शब्द निघत नाहीत अशा माणसासाठी इथे मांडव पडलेला मी क्वचितच पाहिला. असं काम अंगावर घेणाऱ्यांना आपण ढोबळपणे ‘मानवाधिकारवाले’ म्हणतो, आणि म्हणताना ओठ जरा वाकडे होतात. त्यांचं नाव पेपरात येतं ते त्यांना कुणी देशद्रोही म्हटलं तर, नाहीतर अटक झाली तर. मधल्या काळात ही माणसं करतात काय?

याचं उत्तर शोधायला सोलापूरकराने मुंबईकडे नव्हे, वरंगळकडे पाहावं. आमच्या पूर्वभागात मागावर बसलेला पद्मशाली समाज तेलंगणातून आला. सोयरिकी अजून तिकडे आहेत, त्यामुळे वरंगळची बातमी इथल्या कितीतरी घरांत बाहेरगावची समजली जात नाही.

त्या वरंगळात डॉ. रामनाधम नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. सकाळ-संध्याकाळ लेकरं तपासायची आणि उरलेल्या वेळात आंध्र प्रदेश नागरी हक्क समितीचं काम पाहायचं. समितीचे ते उपाध्यक्ष होते. सप्टेंबर 1985 मध्ये तिथल्या एका फौजदाराचा खून झाला. 3 तारखेला त्याची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा पोलीस डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरले आणि त्यांनी डॉक्टरांना गोळ्या घातल्या. खुनाशी डॉक्टरांचा संबंध एवढाच, की पोलिसांच्या चकमकींचा हिशेब ते आणि त्यांचे सहकारी मागत असत.

सहकाऱ्यांत एक होते के. बालगोपाल. गणितात पीएच.डी., काकतीय विद्यापीठात अध्यापक, समितीचे सरचिटणीस. त्याच वर्षी तेही तुरुंगात गेले आणि पुढे विद्यापीठाची नोकरी सुटली. मला या माणसाचं वेड आहे ते तुरुंगवासामुळे नाही. तुरुंगात पुष्कळ जण जातात. वेड आहे ते त्यांच्या कामाच्या पद्धतीचं. चकमकीची बातमी आली की गाडी पकडून त्या गावी जायचं. मेलेल्याला शेवटचं जिवंत कुणी पाहिलं? तो स्वतः गेला की जीपमध्ये घालून नेला? पंचनाम्यावर सह्या कुणाच्या, आणि ते पंच त्या दिवशी गावात तरी होते का? गोळी किती अंतरावरून लागली, शवविच्छेदनाचा अहवाल काय म्हणतो? हे सगळं लिहून काढायचं, छापायचं आणि शिव्या खायच्या. त्याला ‘सत्यशोधन’ असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात ते गणिताच्या मास्तराने वही तपासावी तसं काम आहे : उत्तर छापील आहे, मधल्या पायऱ्या कुठे आहेत?

ही पद्धत आंध्रात रुळली त्यात एका मराठी माणसाचा हात आहे, आणि तो आपण साफ विसरलो आहोत. व्ही. एम. तारकुंडे, 1909 चा जन्म, गाव सासवड. 1957 ते 1969 मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती. आणीबाणी लागून महिना होतो न होतो तोच मेदक जिल्ह्यात गिराइपल्लीजवळ चार तरुण ‘चकमकीत’ मारले गेले होते. आणीबाणी उठल्यावर 1977 मध्ये जयप्रकाश नारायण यांनी चौकशी समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष तारकुंडे झाले. साठी ओलांडलेला हा माजी न्यायमूर्ती आंध्रातल्या खेड्यांत जाऊन माणसांचे जबाब घेऊ लागला. निष्कर्ष असा, की चकमक झालीच नव्हती. पकडून मारलं होतं. सरकारने मग न्या. भार्गव आयोग नेमला. तो काम पुरं न करताच गुंडाळला गेला. तारकुंडे समितीचा अहवाल मात्र उरला.

आता हे काम करणाऱ्यांच्या पगाराचं. अमेरिकेत 1920 पासूनची नागरी स्वातंत्र्य संघटना आहे, राज्याराज्यांत तिच्या शाखा आहेत, आणि तिथे वकिलांना, कारकुनांना महिन्याचा पगार मिळतो. आपल्याकडे 1976 मध्ये जयप्रकाश-तारकुंडेंच्या पुढाकाराने उभी राहिलेली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) सभासदांच्या वर्गणीवर चालते. कार्यालय म्हणजे बहुधा कुणा वकिलाची बैठकीची खोली. याचा फायदा असा, की दाबायला देणगीदार सापडत नाही. तोटाही तितकाच खरा : रविवारी भेटणारी संघटना सोमवारी कोठडीत मेलेल्या माणसापर्यंत पोचणार कशी? आणि या लोकांच्या बैठका! एका ठरावातल्या विशेषणावरून दुपार जाते, संघटना फुटतात.

पण एक फूट मला मोलाची वाटते. सरकारच्या गोळीवर बोलता, मग नक्षलवाद्यांच्या गोळीवर का नाही? हा प्रश्न विरोधक विचारतात ते बोलणाऱ्याचं तोंड बंद करायला. बालगोपालांनी तो आपल्याच समितीत, आपल्याच माणसांना विचारला. उत्तर पटलं नाही. बाहेर पडले, 1998 मध्ये मानवी हक्कांचा नवा मंच काढला, वकिलीची सनद घेऊन गरिबांचे खटले चालवले. 2009 मध्ये गेले, वय 57. एवढी वर्षं ज्या घरात काढली तिथून स्वतःच्या प्रश्नापायी उठणं हे मला तुरुंगापेक्षा अवघड वाटतं.

मुंबईचं उदाहरणही सांगतो, कारण चिकाटी म्हणजे काय ते त्यात दिसतं. 1995 ते 97 या काळात मुंबई पोलिसांच्या 99 चकमकींत सुमारे 135 माणसं मेली. तेव्हा आपण टाळ्या वाजवत होतो, पुढे त्यावर सिनेमे निघाले तेही तिकीट काढून पाहिले. पीयूसीएल उच्च न्यायालयात गेली, पुढे 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल लागला 23 सप्टेंबर 2014 रोजी. सोळा निर्देश : गुन्हा नोंदवा, चौकशी सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांकडे द्या, घटनेपाठोपाठ अधिकाऱ्याला लगोलग बढती-पदक देऊ नका. पंधरा वर्षं तारखा कुणी सांभाळल्या, त्यांची नावं मुंबईतही फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

सोलापुरात अशा कामाची गरज नव्हती असं कुणी म्हणू नये. 1930 चा मार्शल लॉ आपण चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी दरवर्षी आठवतो. सेटलमेंट मात्र बसचा थांबा म्हणून उच्चारतो. त्या तारेच्या कुंपणाआड जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती राहत आणि त्यांना हजेरी द्यावी लागे. त्यांना तसं ठरवणारा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायची सवय मात्र कुठल्या कायद्यात लिहिलेली नसल्याने ती रद्द करता आली नाही.

आणि मारकडवाडी. डिसेंबर 2024, तालुका माळशिरस. विधानसभेला आपल्या गावात पडलेल्या मतांचा आकडा पटेना म्हणून गावकऱ्यांनी 3 तारखेला आपलं आपण मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. जमावबंदी लागली, पोलीस उतरले, मतदान सोडून द्यावं लागलं. निवडून आलेले आमदार उत्तमराव जानकर यांच्यासह गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. मतयंत्र बरोबर की चूक, हा माझा विषय नाही. गावाने केलेल्या मतदानाला कायद्यात किंमत नाही, हेही मान्य. पुढारी आले, कॅमेरे आले, यंत्रावर भाषणं झाली. मला वाचायचा होता तो दहा पानांचा अहवाल. जमावबंदीचा आदेश किती वाजता निघाला, गावात तो कुणी वाचून दाखवला? शांततेचा भंग होईल असं कोणत्या माहितीवरून ठरलं? ज्यांच्यावर गुन्हा नोंदला त्यांची नावं कुणी दिली, आणि त्यातला प्रत्येक जण त्या सकाळी कुठे होता?

— पूनमगेटकर