विश्लेषण : आवडता प्रोड्युसर ‘फी नको’ म्हणाला, तर गाणं कोणाच्या मालकीचं?

आवडत्या प्रोड्युसरबरोबर अल्बम करायला मिळणं हे स्वतंत्र गायक-संगीतकारांचं स्वप्न असतं. त्यामुळे पैशांचा विषय काढणं अवघड जातं. त्यात ‘आत्ता फी नको, पुढे बघू’ असं तोच म्हणाला, तर उपकारच वाटतात. पण याच वाक्यातून पुढे रेकॉर्डिंगच्या मालकीचा वाद उभा राहू शकतो.

प्रोड्युसर म्हणजे नेमका कोण?

स्टुडिओत प्रोड्युसर म्हणजे गाण्याचा साउंड घडवणारा. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात मात्र ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो निर्माता, आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालकही तोच. गायकाने पदरचे पैसे घालून स्टुडिओ घेतला, प्रोड्युसरला फी दिली, तर निर्माता सहसा गायकच ठरतो. प्रोड्युसरने स्वतःच्या स्टुडिओत, स्वतःच्या खर्चाने सगळं उभं केलं, तर दावा तोही करू शकतो. हा हक्क थोडाथोडका नाही, प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो.

अल्बिनींनी रॉयल्टी का नाकारली?

शिकागोचे स्टीव्ह अल्बिनी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला होते. १९९३मध्ये ‘निर्वाणा’ या गाजलेल्या बँडचा ‘इन युटेरो’ त्यांनी एकरकमी १ लाख डॉलरमध्ये रेकॉर्ड केला. रॉयल्टी घेतली असती, तर ३० लाख प्रतींच्या विक्रीवर सुमारे ४ लाख डॉलर मिळाले असते, हा हिशेब त्यांनीच बँडला पत्रातून कळवला होता. प्लंबरला मिळते तशी कामाची मजुरी मिळावी, गाणी बँडची आहेत, ही त्यांची भूमिका. अल्बमवर ‘प्रोड्युसर’ म्हणून नाव लावणंही त्यांना नको असे. अनोळखी बँडही त्यांच्याकडे ठरलेल्या दराने रेकॉर्डिंग करू शकत. मे २०२४मध्ये त्यांचं निधन झालं. सगळ्यांनी असंच वागावं, असं नाही. महिनोन्‌महिने राबणाऱ्या प्रोड्युसरने वाटा मागणं गैर नाही. मात्र तो वाटा किती टक्के आणि कशातला, हे आधी ठरलेलं हवं.

रेकॉर्डिंग गेलं, तर सगळंच गेलं का?

नाही. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे वेगवेगळे हक्क आहेत. टेलर स्विफ्टकडे गाण्यांच्या लेखनाचे हक्क होते, म्हणूनच तिला जुने अल्बम नव्याने गाता आले. मूळ रेकॉर्डिंग तिने २०२५मध्ये विकत घेतली. भारतात २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाच्याही नावे करता येत नाही.

हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. व्हॉट्सॲपवरच्या ‘हो दादा, चालेल’ला असा करार समजून चालणं धोक्याचं. शिवाय प्रोजेक्ट फाइल्स आणि प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक कुणाकडे राहतील, तेही त्याच कागदावर यायला हवं. कागदावर मालकी एकाची आणि हार्ड डिस्क दुसऱ्याच्या कपाटात असेल, तर नवं मिक्स करताना पुन्हा त्याच्याच दारात जावं लागतं.