टर्कीची संख्या नव्हे, तिचं रान मोजा

अमेरिकेतल्या रानटर्कीचं पुनरागमन हे वन्यजीव संरक्षणातलं मोठं यश आहे, यात वाद नाही. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे मॅसॅच्युसेट्समधून हा पक्षी १८५१ मध्येच संपला, पुढे आणखी अनेक राज्यांतून गेला. तो परत आणण्यासाठी सरकारी खात्यांनी आधी सोपी वाट धरली: फार्मवर पिल्लं वाढवायची आणि जंगलात सोडायची. ती फारशी जगलीच नाहीत. आईमागे न फिरलेल्या पिल्लाला शत्रू ओळखता येत नाही. १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनात तोफेने उडवायच्या जाळ्याने रानातलेच पक्षी पकडणं जमलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. न्यूयॉर्कमधून आणलेले अवघे ३७ पक्षी १९७२-७३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर डोंगरांत सोडले गेले. आज त्या राज्यात टर्की हजारोंनी आहेत.

पण हे यश देशभरातल्या एकूण संख्येवर मोजलं जातं, ते मला मान्य नाही. अमेरिकेत रानटर्कीच्या पाच उपजाती आहेत आणि प्रत्येकीचं रान वेगळं. पूर्वेकडची पानझडी जंगलातली, रिओ ग्रांदे टेक्सासच्या कोरड्या मुलखात नदीकाठच्या उंच झाडांवर रात्र काढणारी, मेरियम पाँडेरोसा पाइनच्या डोंगरांतली, गूल्ड मुख्यतः मेक्सिकोच्या सिएरा माद्रेतली. ओसिओला तर जगात फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात आढळते. तिथली दलदल बुजवून आणि पाल्मेटोची झुडपं तोडून वसाहती उभ्या राहत आहेत. कॅलिफोर्नियात बाहेरून आणून सोडलेली रिओ ग्रांदे कितीही वाढली, तरी ओसिओलाचं नुकसान त्याने कसं भरून निघणार?

उत्तर फ्लोरिडात ओसिओला आणि पूर्वेकडची टर्की यांचा संकर होतो, मग या भेदाचं एवढं काय, असं कोणी विचारेल. सीमारेषा पुसट आहे हे खरंच. पण मुद्दा रक्ताच्या शुद्धतेचा नाही, रानाचा आहे. पिल्लांना पहिले काही आठवडे किडे लागतात, ते विरळ झाडीतल्या गवतात मिळतात; आणि आग्नेयेकडच्या पाइनच्या जंगलात ते गवत ठरावीक काळाने लावलेल्या नियंत्रित वणव्यामुळेच टिकतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टर्की राखण्याच्या कामाचा मोठा खर्च शिकारीच उचलतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला, आणि शिकाऱ्याला साहजिकच भरपूर पक्षी हवे असतात. हे ऋण नाकारणं अन्यायाचं ठरेल. तरीही आग्नेयेकडच्या राज्यांत गेल्या काही वर्षांत पिल्लं जगण्याचं प्रमाण घटलं आहे, आणि तिथे नवे पक्षी सोडून भागणार नाही. त्याच करातला अधिक पैसा वणव्याच्या व्यवस्थापनासाठी आणि फ्लोरिडातली उरलेली जमीन राखण्यासाठी लागला पाहिजे, आणि वसंतातली शिकार नरमादीचा समागम होऊन गेल्यावरच सुरू व्हायला हवी. यात शिकाऱ्यांचेही काही दिवस जातील, पण पुढच्या हंगामातले पक्षी त्याच दिवसांवर अवलंबून आहेत.