रंगरुटाचे घर

सातारा, सांगली वा कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या गावातल्या मुलाची सैन्यात निवड झाली, की त्याला वाजतगाजत वेशीपर्यंत पोचविले जाते. गुलाल उधळतो, शाल-श्रीफळ दिले जाते, बेळगावकडे निघालेली गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलत राहतात. संध्याकाळी गाव आपापल्या कामाला लागते आणि जागे राहते ते एकच घर. पुढचे ३१ आठवडे त्या घराने काय सोसायचे आणि मुलाला कसा धीर द्यायचा, याविषयी सत्काराच्या भाषणांत अवाक्षरही नसते.

या भागाला सैनिकी परंपरा नवी नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ते गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. परंतु परंपरेचा गौरव करणाऱ्यांनी तिची दुसरी बाजूही पाहावयास हवी. शौर्याइतकीच कोरडवाहू जमिनीची वाटणी आणि गावात नसलेला रोजगार यांनीही या परंपरेला माणसे पुरविली आहेत. मुलगा पलटणीत जातो तो देशासाठी जातो यात शंका नाही. तो घरासाठीही जातो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेखाली भरती झालेल्या जवानाचे भूदलातील प्रशिक्षण ३१ आठवड्यांचे आहे. पहिले १० आठवडे पायाभूत शिक्षणाचे. पहाटेची धाव, कवायत, रायफलीची उघडझाप, अंथरुणाच्या घडीपासून बुटांच्या चकाकीपर्यंत प्रत्येक गोष्टीची तपासणी. साडेसतरा-अठरा वर्षांच्या मुलाला जुन्या सवयींपासून तोडून नव्या शिस्तीत बसविणे हा या काळाचा हेतूच असतो. त्यासाठी घराशी संपर्क मर्यादित ठेवला जातो आणि दूरध्वनी नेमून दिलेल्या वेळेपुरताच हाती येतो. ही कठोरता निष्कारण नाही. रणांगणावर सोबत्याचा जीव ज्याच्या हाती असेल, त्याचे शिक्षण मऊ हाताने होऊ शकत नाही.

तथापि या तुटलेपणात घराचे काम संपत नाही, उलट ते अवघड होते. आठवड्याभराने मिळालेल्या पाच-दहा मिनिटांत आई विचारते, “जेवलास का?” वडील विचारतात, “सगळं बरं आहे ना?” मुलगा म्हणतो, “बरं आहे.” या ‘बरं आहे’मागे पुष्कळदा नडगीच्या हाडातली वेदना दडलेली असते. धावणे आणि कवायत यांचा ताण एकाएकी वाढला, की रंगरुटांच्या नडगीच्या आणि पावलाच्या हाडांना बारीक तडे जातात, हे सैनिकी वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वेळीच विश्रांती मिळाली तर हाड सांधते. दुखणे लपवून धावत राहिले, तर तडा वाढतो आणि कधी कधी जन्माचा होतो.

मग मुलगा दुखणे लपवितो कशासाठी? आजारी म्हणून नाव नोंदविले, तर आपण मागच्या तुकडीत ढकलले जाऊ, सोबतीची मुले पुढे जातील, ही एक भीती. दुसरी भीती त्याहून मोठी असते, आणि ती छावणीतली नव्हे, घरची असते. निवड होण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे तो एखाद्या खाजगी भरती अकादमीत राहिलेला असतो. तिथली फी, खानावळ आणि बूट यांसाठी कधी म्हैस विकलेली असते, कधी सोसायटीचे वा सावकाराचे कर्ज काढलेले असते. साथीच्या निमित्ताने २०२० ते २०२२ या काळात भूदलाची भरतीच बंद राहिली आणि हजारो मुलांची वये त्या दोन वर्षांत उलटून गेली, हेही गावाने पाहिलेले असते. अशा घरातला बाप दूरध्वनीवर सांगतो, “काहीही झालं तरी मागं फिरू नकोस.” हे शब्द निष्ठुरपणाचे नव्हेत. ते कर्जाचे शब्द आहेत.

प्रशिक्षणात असलेल्या मुलाला घराचा आधार हवा, असे सांगणे सोपे आहे. आधार म्हणजे केवळ हुरूप वाढविणे नव्हे. “दुखत असेल तर सांग, थांबावं लागलं तरी घर उभं आहे,” हे वाक्य हाच खरा आधार. ते उच्चारण्याची ऐपत मात्र सर्व घरांना सारखी नसते. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याचे प्रेम मुलाला थांबू देते. ज्याच्या पायाखाली कर्ज आहे त्याचे तितकेच उत्कट प्रेम मुलाला पळत ठेवते. मायेतला हा भेद स्वभावातून आलेला नाही, तो आर्थिक परिस्थितीतून आला आहे.

शासनाचा हिशेबही या ठिकाणी मांडला पाहिजे. अग्निवीराचे पहिल्या वर्षाचे मासिक वेतन ३० हजार रुपये. त्यातील ९ हजार सेवानिधीत कापून हाती २१ हजार येतात. चार वर्षांच्या अखेरीस व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात, असे मोठ्या अक्षरांत सांगितले जाते. त्यातील ५ लाखांहून अधिक रक्कम जवानाच्याच पगारातून कापलेली असते, हे बारीक अक्षरांत. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही आणि कायम सेवेत घ्यावयाचे ते २५ टक्क्यांपर्यंत. प्रशिक्षणाचे ३१ आठवडे या चार वर्षांतच धरलेले आहेत. म्हणजे ज्या नोकरीच्या भरवशावर घराने कर्ज काढले, तिची मुदत कर्जाच्या मुदतीहून आखूड ठरण्याचा संभव आहे. बापाच्या आवाजातील ताणाचे मूळ येथे आहे.

प्रशिक्षणातील धोका काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळाली येथे तोफेच्या सरावात झालेल्या स्फोटात दोन अग्निवीर दगावले. अग्निवीराला सेवेमुळे अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणानुसार ४४, २५ वा १५ लाखांची एकरकमी मदत आहे. पण अपंगत्व सेवेमुळेच आले काय, हे वैद्यकीय मंडळ ठरविते आणि ते नोंदी पाहून ठरविते. ज्याने दुखणे लपविले त्याची नोंदच नसते. अधिकारी होऊ घातलेल्या छात्रांची कथाही फारशी निराळी नाही. १९८५ पासून सुमारे ५०० छात्र प्रशिक्षणातील दुखापतींमुळे घरी पाठविले गेले आणि माजी सैनिकाचा दर्जा नसल्याने त्यांच्या उपचारांचा भार आईवडिलांनी वाहिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपण होऊन या प्रश्नाची दखल घेतली, तेव्हा कोठे माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना लागू झाली.

यावर एक आक्षेप येईल. सैन्य म्हणजे पाळणाघर नव्हे. घरच्यांचा हात मध्ये आला तर शिस्त ढिली होईल. आक्षेपातील पहिले विधान खरे आहे, दुसरे नाही. कवायत किती वेळ घ्यावी हे आईने ठरवावे, असे कोणीच म्हणत नाही. परंतु मुलगा रुग्णालयात दाखल झाला तर घरी त्याच दिवशी कळावे, दुखणे नोंदविल्याबद्दल कोणाची मानहानी होऊ नये आणि प्रशिक्षणातील दुखापत अन्यथा सिद्ध होईपर्यंत सेवेचीच मानली जावी, एवढ्याने कोणती शिस्त ढासळते? लंगडत धावणारा जवान पलटणीच्याही उपयोगाचा नसतो.

शपथविधीच्या संचलनाला आईवडिलांना बोलावण्याची आणि काही केंद्रांत त्यांना गौरवपदक देण्याची प्रथा आहे. ती चांगली आहे. मात्र पदक छातीवर लावणाऱ्या व्यवस्थेने त्या छातीवरचे ओझेही मोजले पाहिजे.

गावोगावच्या कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. खेड्यातील आईबाप छावणीला पत्र लिहायला बिचकतात. ते पत्र लिहून देता येईल. दुखण्याची नोंद का करावी, हे मुलगा निघण्यापूर्वीच त्याला आणि घराला समजावता येईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वाट दाखविता येईल. भरती अकादम्यांच्या फीवर नियंत्रण आणि प्रशिक्षणकाळात घरच्या कर्जवसुलीला स्थगिती, या मागण्या ग्रामसभेत ठराव करून शासनापुढे मांडता येतील. वेशीपर्यंत मिरवणूक नेण्यास जेवढी माणसे लागतात, त्यातली चार जणे जरी दुसऱ्या दिवशी त्या घराच्या ओसरीवर येऊन बसली, तरी पुढच्या रविवारी दूरध्वनी वाजल्यावर बापाला निराळे काही बोलता येईल.