मागच्या दाराशी ठेवायचा ड्रम

वापरलेले खाद्यतेल गोळा करणाऱ्यांच्या बैठकीत भावावर बोलणे होते, टँकरच्या फेऱ्यांवर होते, बायोडिझेल प्रकल्पाच्या क्षमतेवर होते. हॉटेलच्या मागच्या दाराशी आपण जो कॅन किंवा ड्रम ठेवतो, त्याची निवड मात्र बहुतेकदा जुन्या बाजारात काय स्वस्त मिळाले यावर होते. खरे तर तेलाचे इंधन होणार, ते गटारात जाणार की पुन्हा कुणाच्या भज्यांच्या कढईत पडणार, हे पुष्कळ अंशी त्या दाराशीच ठरते.

कायद्याची बाजू आपल्याला ठाऊक आहे. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेले तेल बायोडिझेलकडे वळवण्याचा ‘रुको’ उपक्रम सुरू केला. तळणीसाठी रोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवावी आणि वापरलेले तेल नोंदणीकृत संकलकालाच द्यावे, हा नियम १ मार्च २०१९ पासून आला. पण नियम कितीही नेमका असला, तरी तो अमलात आणतो स्वयंपाकघरातला कामगार. शेवटची ऑर्डर गेल्यावर कढई तोच रिकामी करतो. फरशी निसरडी असते, अंग थकलेले असते आणि मोरी दोन पावलांवर असते. भांडे निवडताना पहिला विचार त्याचा व्हावा, आपल्या टँकरचा नंतर.

म्हणून तोंड रुंद हवे. दोन इंची बुचाचा २०० लिटरचा बंद ड्रम गोदामासाठी उत्तम, पण त्यात कढईतून तेल ओतायला नरसाळे लागते, आणि नरसाळे दुसऱ्याच दिवशी हरवते. पूर्ण झाकण उघडणारा, कडीने आवळून बंद होणारा एचडीपीईचा ड्रम किंवा मोठ्या चक्री झाकणाचा कॅन स्वयंपाकघराला सोयीचा. त्यावर बसेल अशी स्टीलची जाळीही सोबत द्यावी. तळणाचा चुरा जाळीवरच राहिला, तर तळाशी साका कमी बसतो आणि गोदामातला पंप तुंबत नाही. जाळीवरचा गरम चुरा मात्र ढीग करून ठेवू देऊ नये. तो आतल्या आत तापून पेटू शकतो.

तापमानाविषयी तडजोड नको. तळण १७० ते १९० अंशांवर चालते. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. शिवाय ड्रमच्या तळाशी पाणी असेल आणि त्यावर शंभर अंशांपेक्षा गरम तेल ओतले, तर त्या पाण्याची वाफ सुमारे १७०० पट जागा मागते आणि तेल उसळून अंगावर येते. त्यामुळे प्रत्येक ड्रमबरोबर झाकणाचे एक स्टीलचे पातेले द्यावे. तेल आधी त्यात निवावे, बाहेरून हात लावता येईल इतके कोमट झाले की मग ड्रममध्ये जावे. या पातेल्याचा खर्च आपण उचलावा. भाजलेल्या हातापुढे तो काहीच नाही.

आता धातू. तांबे आणि पितळ तेलाच्या ऑक्सिडीकरणाला वेग देतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर तेलातली मुक्त स्निग्धाम्ले काम करतात आणि जस्ताचा साबण तेलात उतरतो. गंजलेले लोखंडही तेल बिघडवते. एचडीपीई किंवा स्टेनलेस स्टील, हेच दोन पर्याय आपण मानावेत. प्लॅस्टिक पारदर्शक नसावे, कारण उजेडाने तेल लवकर खवट होते. पातळी दिसावी म्हणून पांढरा कॅन ठेवायचाच असेल, तर तो उन्हात येणार नाही अशी जागा पाहावी. जुना ड्रम घेताना त्यात आधी काय होते हे विचारावेच. कीटकनाशक, वंगण किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी आपल्या कामाचा नाही.

पाण्याबद्दल अधिक लिहायला हवे, कारण आपले सर्वाधिक नुकसान तिथेच होते. पाण्यामुळे तेलाचे विघटन होऊन मुक्त स्निग्धाम्ले वाढतात. त्यांचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांच्या वर गेले की बायोडिझेल प्रकल्पात कॉस्टिक वाया जाते, साबण तयार होतो, ग्लिसरीन वेगळे व्हायला वेळ लागतो आणि आम्लाची वेगळी प्रक्रिया करावी लागते. हे पाणी येते कुठून? उघड्या झाकणातून, भांडी धुण्याच्या जागेतून आणि पावसातून. उभ्या ठेवलेल्या बंद ड्रमच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा तापलेला ड्रम रात्री थंड होताना आतली हवा आकसते आणि ते पाणी सैल बुचातून आत ओढले जाते. मुंबई-कोकणातल्या चार महिन्यांत ड्रम छपराखालीच हवा. झाकणाचा रबरी वॉशर दर फेरीला पाहावा, तडकला असेल तर तिथेच बदलावा.

थंडीची अडचण वेगळी. आपल्याकडच्या तळणीत पामतेल मोठ्या प्रमाणावर असते, कुठे वनस्पती तूपही. नाशिक-नागपूरच्या थंडीत हे तेल गोठते आणि अरुंद तोंडाच्या कॅनमधून बाहेर येत नाही. रुंद तोंडाचा ड्रम इथेही उपयोगी पडतो.

आकार ठरवताना साधा हिशोब करावा. हॉटेल रोज किती तेल काढून टाकते, त्याला दोन फेऱ्यांमधल्या दिवसांनी गुणावे आणि वर चतुर्थांश जागा सोडावी. रोज सहा लिटर आणि आठवड्याची फेरी असेल, तर बेचाळीस लिटर तेल आणि साधारण ५२ लिटरची जागा लागते. मग ५० लिटरचा एक ड्रम द्यावा की ३५ लिटरचे दोन? आमचे मत दुसऱ्या बाजूला आहे. तेलाचे वजन लिटरला सुमारे ०.९२ किलो. भरलेल्या ३५ लिटरच्या कॅनमध्ये ३२ किलो तेल, ५० लिटरच्या ड्रममध्ये ४६ किलो. अरुंद जिन्यावरून, ओल्या बोळातून ते वजन उचलणारी कंबर आपल्याच माणसाची असते.

संकलनाची पद्धत गॅस सिलिंडरसारखी असावी: भरलेला उचलायचा, स्वच्छ रिकामा ठेवायचा. हॉटेलच्या दारात तेल ओतून घेण्यात सांडलवंड होते, वजनावरून वाद होतात आणि भांडे कधीच धुतले जात नाही. या पद्धतीला दुप्पट ड्रम लागतात, टेम्पोत रिकाम्यांची जागा जाते, धुण्याला गरम पाणी आणि कॉस्टिक लागते, हे सगळे खरे आहे. तरीही एकसारखे तेल हवे असेल तर दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही. धुतलेला ड्रम पूर्ण वाळवूनच पाठवावा, नाहीतर पाणी आपणच पोहोचवू.

प्रत्येक ड्रमला कायमचा क्रमांक आणि उचलताना क्रमांकित सील असावे. ‘खाण्यासाठी नाही’ हे मराठी-हिंदीत आणि न वाचता कळेल अशा चिन्हाने लिहिलेले असावे, कारण आपल्या स्वयंपाकघरांत अनेक प्रांतांचे कामगार आहेत. वापरलेले तेल स्वस्तात विकत घेऊन पुन्हा तळणीला वापरणारे आहेत, आणि त्या तेलाची किंमत गरीब गिऱ्हाईक आपल्या तब्येतीने चुकवते. सीलबंद ड्रम ती वाट अडवतो. व्यापाराच्या दृष्टीनेही क्रमांक लागणारच आहे. आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनात २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के शाश्वत इंधन मिसळण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी तेल घेणारा ते कुठल्या स्वयंपाकघरातून आले हे विचारणारच.

राहिले वडापावच्या गाड्या आणि छोटी फरसाणाची दुकाने. रोज ५० लिटरची मर्यादा त्यांना लागू होत नाही, आणि त्यांच्याकडे भांडे म्हणजे तोंड कापलेला पंधरा किलोचा पत्र्याचा डबा. तो गंजतो, हात कापतो, झाकला जात नाही. त्यांना पकडीचा, चक्री झाकणाचा दहा लिटरचा कॅन द्यावा. गाडीखाली तो मावतो. रिकामे डबेही विकत घेऊन चेपून भंगारात द्यावेत. एकदा वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरण्यास कायद्याने मनाई आहे, आणि चेपलेला डबा कुणालाच भरता येत नाही.

दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत तळण वाढते, वापरलेले तेलही वाढते आणि अपुऱ्या भांड्यांमुळे हातचे जाते. वाचकांना आमची विनंती आहे की त्याआधी आपल्या प्रत्येक हॉटेलच्या मागच्या दाराशी स्वतः जावे, तिथले भांडे उघडून तळ पाहावा आणि ते भरणाऱ्या कामगाराला काय अडते ते विचारावे. एकाच शहरातल्या संकलकांनी ड्रमचा आकार, झाकण आणि खूण एकसारखी ठरवली, तर सुटे वॉशर-झाकणे स्वस्त पडतील आणि हॉटेलांची ओढाताण थांबेल. स्पर्धा भावात आणि सेवेत जरूर करावी. भांड्याच्या सुरक्षिततेत मात्र सगळ्यांनी एकच माप पाळावे.