मॉड्यूल कुठून आले, याची नोंद हवी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या भुजा, निर्वात नळ्या आणि लेसर यांविषयी बरेच लिहिले जाते. पायथन लिहिणाऱ्या आपल्या वाचकांनी मात्र या कामातला आपला वाटा ओळखायला हवा. या लहरींच्या विश्लेषणातली पायसीबीसी, जीडब्ल्यूपाय ही नेहमीची साधने पायथनमधली आहेत. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथली लायगोची यंत्रे टप्प्याटप्प्याने कार्यरत अवस्थेत नेणारी ‘गार्डियन’ ही स्वयंचलन प्रणालीही पायथनमध्येच लिहिलेली आहे.

अशा कामात ‘इम्पोर्ट’च्या एका ओळीने नेमकी कोणती फाइल उचलली, यावर निष्कर्षाचा भरवसा अवलंबून असतो. मॉड्यूल आधीच चढवलेले नसेल आणि अंगभूतही नसेल, तर पायथन ‘सिस.पाथ’ या यादीत ते क्रमाने शोधते: आधी स्क्रिप्टचे फोल्डर, मग पायथनपाथमधल्या जागा, मग प्रमाण लायब्ररी, शेवटी साइट-पॅकेजेस. पहिले नाव जुळले की शोध थांबतो. लहरींचा अभ्यास करणारा विद्यार्थी आपल्या फाइलला सहजच ‘सिग्नल.पाय’ असे नाव देतो. प्रमाण लायब्ररीतले त्याच नावाचे मॉड्यूल त्यामुळे झाकले जाते आणि चूक भलत्याच ठिकाणी दिसते.

मॉड्यूल सापडत नसेल तेव्हाचे रूढ उपायही आम्हाला घातक वाटतात. ‘सिस.पाथ.अपेंड’ने जागा यादीच्या शेवटी जोडली जाते. त्याच पॅकेजची जुनी आवृत्ती आधी स्थापित असेल, तर आपण दुरुस्त केलेला कोड कधीच चालत नाही आणि तसा इशाराही मिळत नाही. पायथनपाथ कायमचा ठरवून टाकला, तर तो संगणकावरच्या प्रत्येक पायथन आवृत्तीला लागू होतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू असतानाही तो साइट-पॅकेजेसच्या आधी शोधला जातो. म्हणजे बाहेरच्या मॉड्यूलांच्या ज्या गळतीपासून वाचायचे, तीच आपण मागच्या दाराने आत घेतो.

गार्डियनची मांडणी इथे अभ्यासण्यासारखी आहे. तिचा कोड उपप्रणाली आणि ठिकाण यांनुसार ठरलेल्या फोल्डरांत असतो: सामाईक भाग ‘कॉमन’मध्ये, हॅनफर्डचा ‘एच१’मध्ये, लिव्हिंग्स्टनचा ‘एल१’मध्ये. मॉड्यूल कुठे शोधायचे हे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ठरत नाही. लायगो-इंडियात पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय एकत्र काम करत आहेत. इतक्या ठिकाणी लिहिला जाणारा कोड औंढ्यात एकसारखा चालायचा, तर अशा शिस्तीला पर्याय नाही.

ही शिस्त वेधशाळेपुरती नाही. लायगोची निरीक्षणे सर्वांना खुली आहेत. वसमत किंवा कळमनुरीच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही ती उतरवून घेऊन पहिल्यांदा टिपलेल्या लहरीचा, १४ सप्टेंबर २०१५ चा, संकेत स्वतः शोधू शकतो. त्याच्या शिक्षकांना आमची विनंती आहे: पहिल्याच प्रात्यक्षिकात ‘सिस.पाथ’ छापून त्यातली प्रत्येक जागा समजावून सांगा. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट द्या आणि आवृत्त्यांची फाइल कोडसोबतच ठेवा. स्वतःचा कोड पॅकेज म्हणून संपादनयोग्य पद्धतीने स्थापित करायला शिकवा, म्हणजे यादीला हात लावावाच लागणार नाही. पायथन ३.११ पासून ‘-पी’ हा पर्याय स्क्रिप्टचे फोल्डर यादीबाहेर ठेवतो, तोही वापरा.

संशोधकांकडून आमची अपेक्षा याहून जास्त आहे. निकालासोबत मुख्य मॉड्यूलांची आवृत्ती आणि ती ज्या फाइलमधून आली तिचा मार्ग नोंदवला जावा. ही नोंद नसलेला निकाल परीक्षकांनी परत पाठवावा. प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पट सूक्ष्म हालचाल मोजल्याचा दावा करणाऱ्या कोडला, आपण कोणती फाइल वाचली हे सांगता आलेच पाहिजे.