आजची भाकर मागताना "आमची" का म्हणायचं



हरभरा पंचवीस दिवसांचा झाला. उगवण बरी आहे. दोन ठिकाणी मर दिसली, ती रोपं उपटून जाळली. हळदीत कंदकुज आहेच, जिथं पाणी साचलं होतं त्या सऱ्यांत जास्त. आज रविवार, सकाळी वाशिमला चर्चला जाऊन आलो. म्हणून पिकाची नोंद इथंच थांबवतो आणि दीड महिन्यापासून डोक्यात घोळणारी गोष्ट लिहितो.

पेजवर एका भावानं विचारलं होतं, "दादा, तुम्ही ख्रिस्ती. तुमचा देव म्हणतो उद्याची काळजी करू नका. मग पीकविमा कशाला भरता?" त्यानं गंमतीत विचारलं, पण प्रश्न खरा आहे.

२०२५ चा खरीप आपल्या मराठवाड्यात कसा गेला ते सांगायला नको. माझं चार एकर सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात उभं भिजलं. दरवर्षी एकरी सात-आठ क्विंटल होतं, यंदा अडीच झालं आणि तेही डागी. तेव्हा हमीभाव कागदावर ५,३२८ रुपये होता, पण काळ्या पडलेल्या दाण्याकडं व्यापारी ढुंकून बघत नव्हता. पोराची फी, किराणा, दवाखाना, रब्बीचं बी, सगळं एकदम समोर उभं राहिलं. त्या दिवसांत रोज रात्री घरी प्रार्थना व्हायची. येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीची एक ओळ आहे, तिथं आलो की आवाज आपोआप मोठा व्हायचा.

तसंच एका संध्याकाळी आमच्याकडं निंदणीला येणारी एक बाई आली. सोयाबीनच गेलं तर काढणीची मजुरी कुठून मिळणार? म्हणली, "दादा, पायलीभर ज्वारी द्या, काम निघालं की फेडते." घरात दोन पोती ज्वारी होती, अडीनडीला म्हणून ठेवलेली. मी म्हणलं, "आमचंच कठीण हाय बाई, पुढच्या आठवड्यात बघू." ती काही न बोलता गेली.

रात्री प्रार्थना झाल्यावर घरची मंडळी म्हणली, "तुम्ही देवाला 'माझी भाकर' म्हणता का 'आमची'?" मला उत्तर देता आलं नाही. पन्नाशी उलटली, लहानपणापासून ती प्रार्थना तोंडपाठ आहे, पण त्या एका शब्दाकडं कधी लक्ष गेलं नव्हतं.

सकाळी मीच ज्वारी काढायला गेलो. पोतं सोडलं तर आत सोंडे झालेले. बायबलात मान्नाची गोष्ट आहे. रानात इस्राएल लोकांना रोज पहाटे अन्न मिळायचं, पण त्या दिवसापुरतंच गोळा करायचं. हावरेपणानं दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं की त्यात किडे पडायचे. आता माझ्या ज्वारीत देवानं किडे घातले असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात ऊन दिलं नाही, पाला घातला नाही, चूक माझीच. पण पोत्यापुढं उभा असताना ती गोष्ट आठवली, एवढं खरं. ज्वारी चाळली, वाळवली आणि एक पायली नाही, चार पायल्या तिच्या घरी नेऊन दिल्या. फेडीचं बोलणं केलं नाही.

आता त्या भावाच्या प्रश्नाकडं येतो. भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं का? याचं उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या कामात सापडतं.

रमाबाई सोळा वर्षांच्या असताना, १८७४ च्या सुमारास, दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई आणि बहीणही गेली. वडील मोठे विद्वान आणि श्रद्धाळू. घरातल्या लोकांनी तीर्थं केली, दानं दिली. पण पोटासाठी अंगमेहनत करायचं शिकवण त्यांच्यात नव्हतं. म्हणून श्रद्धावान माणूस उपाशी मरत नाही, असं रमाबाईंपुढं कोणी बोलू शकलं नसतं. त्यांनी ते डोळ्यानं पाहिलं होतं.

पुढं त्या ख्रिस्ती झाल्या, १८८९ ला मुंबईत शारदासदन काढलं, मग ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या मंडळीनं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. ती मुदत संपत आली तेव्हा बाईंनी काय केलं? दौंड तालुक्यात केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. म्यूलर हजारो अनाथ लेकरं सांभाळायचे, पैसा माणसांकडं मागायचा नाही, फक्त देवाला सांगायचा हा त्यांचा नेम. पण आलेल्या पैशाचा हिशेब ते दरवर्षी छापून काढायचे.

बाग नीट फळाला येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. मुक्ती मिशनमधली माणसं दीड हजाराच्या वर गेली. आपण शेतकरी आहोत, एका घरात चार पाहुणे वाढले तर धान्याचं काय होतं ते आपल्याला कळतं. बाईंनी आधी कोठार मोजून मग दार उघडायचं ठरवलं असतं तर दार बंदच राहिलं असतं. आणि आलेल्या मुलींना त्यांनी नुसतं जेवायला घातलं नाही. शेती, विणकाम, छापखाना, सगळी कामं शिकवली. जे आपल्या आईबापाच्या घरी नव्हतं ते त्यांनी केडगावात आणलं.

माझ्या मते भरवसा तो हा. विहीर खोदायची, झाड लावायचं, हिशेब ठेवायचा. आणि एवढं करूनही पुरणार नाही असं दिसतं तेव्हा दुसऱ्याच्या तोंडावर दार लावायचं नाही. पीकविमा भरणं हा अविश्वास नाही. इजिप्तात योसेफानं सात वर्षं धान्य साठवलंच की. पण त्याचं कोठार दुष्काळात लोकांसाठी उघडलं, माझं पोतं त्या बाईसाठी उघडलं नाही. फरक तिथं आहे.

आजकाल मोबाईलवर काही उपदेशक सांगतात, एवढे पैसे पाठवा, देव शंभरपट देईल, कर्ज फिटेल. कर्जात बुडालेला माणूस काडीचाही आधार धरतो. त्याच्याकडून असे पैसे घेणं मला पटत नाही. येशूनं दिवसाची भाकर मागायला शिकवलं, शंभरपट व्याज नाही.

माझं रब्बीचं बी कसं आलं तेही सांगतो. माळावरचे शेजारी काका, गळ्यात तुळशीची माळ, नर्सीला नामदेवाच्या दर्शनाला चुकायचे नाहीत. त्यांचं रान उंचावर, म्हणून पाण्यातून वाचलं. मी मागितलं नव्हतं. एके दिवशी घरचं हरभऱ्याचं बियाणं मोटारसायकलवर घेऊन दारात आले. म्हणले, "रान वापशावर आलंय, पडीक ठेवू नको. पैशाचं मग बघू." आज जो हरभरा उभा आहे तो त्यांच्या बियाण्याचा. मी ते देवाचं देणं मानतो आणि काकांचं उसनंही मानतो. सुगीला परत करायचंय.

सगळ्यांचंच असं निभत नाही, हे मला माहीत आहे. आपल्याच भागात किती घरांत कर्ता माणूस कर्जापायी गेला. त्यांचा भरवसा कमी पडला असं म्हणायची माझी हिंमत नाही. कमी पडलो असू तर आपण, ज्यांच्या घरात दोन पोती होती.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. देवाला भाकर मागा, पण आपल्या दारात कोण उभं आहे तेही बघा. तुम्हाला काय वाटतं, लिहा.

उद्यापासून हरभऱ्याचे शेंडे खुडायला घेतोय. ती बाईही कामाला येणार आहे. मजुरी पूर्ण देणार, ज्वारी त्यात धरणार नाही.